सॅम्पल ‘डायल्यूट’ केलं म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: “आईला न्यूमोनिया झाला होता. सीआरपीच्या रिपोर्टखाली बारीक अक्षरात ‘नमुना डायल्यूट करून तपासला’ असं छापलंय. म्हणजे रक्तात पाणी घातलं का? मग आकडा खरा कसा मानायचा? हाच शब्द शेअर बाजारात, औषधफवारणीत, कायद्याच्या बातम्यांतही ऐकू येतो. सगळीकडे अर्थ एकच का? आणि १:१० म्हणजे एकाला नऊ की एकाला दहा?”

मी एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) पोरापोरींना शिकवण्यात गेली आहेत. शेवटचा प्रश्न दरवर्षी पहिल्या आठवड्यात एकजण तरी विचारतो. जो विचारत नाही, तो पुढे कधीतरी चुकतो.

आधी आईचं. सीआरपी म्हणजे अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की रक्तात वाढणारं एक प्रथिन. आणि हो, नमुन्यात काहीतरी घातलं. पण ते साधं पाणी नव्हे. ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाइन किंवा किटसोबत आलेला डायल्यूएंट असतो. आणि तो सगळ्या रक्तात घालत नाहीत. रक्त गोठलं, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर पिवळसर सीरम येतं. त्यातलं थेंबभर सीरम वेगळ्या कपात काढून त्यात घालतात. मूळ नळी आहे तशी फ्रिजमध्ये जाते.

कारण साधं आहे. दुकानातला काटा दहा किलोपर्यंत तोलतो. पंचवीस किलोचा कट्टा त्यावर ठेवला तर काटा बिचारा ‘एरर’ दाखवून गप्प बसतो. आमच्या मशीनचंही तसंच. समजा एखाद्या मशीनला सीआरपी १५० पर्यंतच मोजता येतो आणि आईचा त्यावर गेलाय. मग एक भाग सीरम, चार भाग सलाइन असं मिश्रण करून पुन्हा लावायचं. मशीनने ४६ दाखवले, तर ४६ गुणिले ५ म्हणजे २३०. रिपोर्टवर २३० छापायचे आणि खाली ती ओळ. हल्लीची बरीच मशिन्स हे सगळं स्वतःच करतात, माणसाला पत्ताही लागत नाही. ती ओळ म्हणजे नेहमीपेक्षा एक पायरी जास्त केली याची नोंद. घाबरायचंच असेल तर २३० या आकड्याला घाबरा, आणि ते काम डॉक्टरांवर सोडा.

आता शब्दाकडे येते. डायल्यूशन म्हणजे मूळ माल तेवढाच ठेवून तो ज्यात पसरलाय ती जागा वाढवणं. पाहुणे आले म्हणून आमटीत तांब्याभर पाणी वाढवलं, तर डाळ तेवढीच राहते, मीठही तेवढंच. वाटीमागे मात्र दोन्ही कमी येतं. एवढंच. शाळेच्या पुस्तकात याला ‘विरल’ म्हणतात आणि उलट टोकाला ‘संहत’: विरल सल्फ्युरिक आम्ल, संहत सल्फ्युरिक आम्ल. हे शब्द दहावीनंतर कुणी वापरताना मी ऐकलेले नाहीत. लॅबमध्ये सगळे ‘डायल्यूट कर’ म्हणतात, घरात ‘पाणी वाढव’.

‘पातळ’ हा शब्द मी मुलांना वापरू देत नाही. पातळ म्हणजे ओघळणारं, दाट नसलेलं. तो घट्टपणाचा शब्द आहे, तीव्रतेचा नाही. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यासारखंच पातळ दिसतं आणि हात भाजतं. उलट साखरेचा पाक कितीही दाट असो, त्यात मीठ चिमूटभरच असेल तर मिठाच्या हिशेबाने तो डायल्यूटच. (आणि आमच्या आजीच्या तोंडी ‘पातळ’ म्हणजे लुगडं. तो घोळ आणखी वेगळा.)

दुसरी गल्लत विरघळवणं आणि विरल करणं यांची. साखर पाण्यात टाकून ढवळली, हे विरघळवणं. तयार सरबतात आणखी पाणी ओतलं, हे डायल्यूशन. प्रॅक्टिकलच्या वहीत पोरं दोन्हीकडे एकच शब्द लिहितात आणि मग गणितात कुठून काय घ्यायचं ते कळत नाही. गणित एका ओळीचं आहे: आधीची तीव्रता गुणिले आधीचं आकारमान, बरोबर नंतरची तीव्रता गुणिले नंतरचं आकारमान. दोन्ही बाजूंना मूळ माल तोच, म्हणून बरोबरीचं चिन्ह. हे एकदा डोक्यात बसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

आता १:१०. याचं उत्तर ‘कोण लिहितंय त्यावर’ असं आहे, आणि हेच खरं दुखणं. लॅबच्या भाषेत १:१० डायल्यूशन म्हणजे एकूण दहात एक, म्हणजे एक भाग नमुना आणि नऊ भाग सलाइन. दुकानातल्या फिनेलच्या बाटलीवर १:१० लिहिलेलं असेल तर बहुतेकांना एकाला दहा असा अर्थ लागतो, म्हणजे एकूण अकरा. दहाच्या हिशेबात हा फरक नऊ-दहा टक्क्यांचा, चालूनही जाईल. आकडे लहान झाले की मात्र चालत नाही. रक्तातली साखर मोजणारं एखादं किट ५०० पर्यंतच मोजतं, रुग्णाची त्यावर गेली. सांगितलं, १:२ कर. ज्याला कळतं तो १०० मायक्रोलिटर सीरममध्ये १०० मायक्रोलिटर सलाइन घालतो, मशीन ३१२ दाखवतं, दुप्पट ६२४. नवखा मुलगा ‘एकाला दोन’ समजून २०० मायक्रोलिटर घालतो, मशीन २०८ दाखवतं, तो दुप्पट करून ४१६ लिहितो. माणूस तोच, रक्त तेच, आणि दोनशे कुठे गेले ते कुणालाच कळत नाही. वर गंमत अशी की ४१६ हा आकडा किटच्या मर्यादेत बसतो, म्हणजे तो सरळ मोजतानाच आला असता. इथेच थांबून विचार करायला हवा होता, पण संध्याकाळी साडेसहाला कोण थांबतो.

आणि आमची लॅब तरी कुठे एका भाषेत बोलते? रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायच्या निळ्या टोपणाच्या नळीत सायट्रेट (रक्त गोठू न देणारं रसायन) १:९ असतं, ते मात्र ‘एकाला नऊ’: ०.२ मिली सायट्रेट, १.८ मिली रक्त. ईएसआरचं (लाल पेशी किती वेगाने खाली बसतात ते बघायच्या तपासणीचं) १:४ तेही एकाला चार. एकाच टेबलावर दोन रीती. म्हणून मी वहीत दोन टिंबांनी काहीच लिहू देत नाही. १ + ९ असं लिहायचं, १ + १ असं लिहायचं. अधिकचं चिन्ह कधी दगा देत नाही.

याचा सगळ्यात जुना आणि सुंदर धडा मला वाटतं पांढऱ्या पेशी मोजायच्या काचेच्या पिपेटमध्ये आहे. आता सेल काउंटर आल्यावर ती फक्त परीक्षेपुरती उरली. तिच्या दांडीवर ०.५ आणि १ अशा खुणा, मग फुगा, फुग्यात एक पांढरा मणी, फुग्यावर ११ ची खूण. रक्त ०.५ पर्यंत ओढायचं, टोक बाहेरून पुसायचं, मग टर्क द्रव ११ पर्यंत. त्यातलं अ‍ॅसिटिक आम्ल लाल पेशी फोडून टाकतं आणि जेन्शियन व्हायोलेट पांढऱ्या पेशींची केंद्रकं रंगवतं. आम्ही शिकत होतो तेव्हा हे सगळं रबरी नळीने तोंडाने ओढायचो. आज कुणाला तसं करताना पाहिलं तर मी बाहेर काढेन.

तर मी विचारते, डायल्यूशन किती? अर्धा भाग रक्त, एकूण अकरा, म्हणजे बावीस पट, असं हुशार मुलं सांगतात. पुस्तक म्हणतं वीस. पुस्तक बरोबर आहे. कारण शेवटी दांडीत जो एक भाग द्रव राहतो, त्यात रक्त नसतंच. रक्त पुढे सरकून फुग्यात गेलेलं असतं आणि मिसळणं फुग्यातच होतं. फुग्यात दहा भाग, त्यात अर्धा भाग रक्त, म्हणून वीसात एक. दांडीतला तो निव्वळ द्रव पहिल्या दोन-तीन थेंबांत टाकून द्यायचा, तो चेंबरवर (पेशी मोजायला चौकोन आखलेल्या काचेवर) घेतला तर पेशी जवळजवळ दिसणारच नाहीत. मग चार मोठे चौकोन मोजायचे आणि येईल त्या संख्येला पन्नासने गुणायचं. त्या पन्नासात ते वीस दडलेले असतात. लाल पेशींच्या पिपेटमध्ये मणी लाल, वरची खूण १०१ आणि याच न्यायाने डायल्यूशन १:२००.

साली नावाच्या डॉक्टरच्या हिमोग्लोबिनोमीटरचं, म्हणजे हिमोग्लोबिन मोजायच्या जुन्या उपकरणाचं, आणखी वेगळं. बाकी सगळीकडे डायल्यूशन ही मोजणीची तयारी असते; इथे तीच मोजणी. बारीक नळीत २ च्या खुणेपर्यंत डेसिनॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, त्यात २० मायक्रोलिटर रक्त सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. रक्ताचा लाल रंग जाऊन काळपट तपकिरी होतो, अगदी कडक चहासारखा. दोन्ही बाजूंना तपकिरी काचेच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. मग ड्रॉपरने डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब, काचेच्या काडीने ढवळ, खिडकीकडे धरून बघ. अजून गडद. आणखी एक थेंब, ढवळ, बघ. काडी वर उचलून बघायचं, नाहीतर तिचाच रंग मध्ये येतो. जिथे नळीचा आणि पट्ट्यांचा रंग एक होतो तिथे थांबून खूण वाचायची: ११ ग्रॅम, १२ ग्रॅम. म्हणजे रक्त जितकं कसदार, तितकं त्याला फिकं करायला पाणी जास्त लागतं. एक थेंब जादा पडला की संपलं, पाणी परत काढता येत नाही, पुन्हा बोट टोचा. ग्रामीण भागातल्या शिबिरांत मी अशी शेकडो हिमोग्लोबिनं केली आहेत. ढगाळ दिवशी सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन वेगळं यायचं, कारण खिडकीतला उजेडच वेगळा. पद्धत ढोबळ होती हे कबूल, पण डायल्यूशन म्हणजे काय हे डोळ्यांना दाखवणारं याहून चांगलं काही नाही.

टायफॉइडच्या विडाल तपासणीच्या रिपोर्टवर १:८०, १:१६० दिसतं आणि लोक विचारतात, १:१६० म्हणजे कमी झालं ना? उलट. नळीच्या पद्धतीत पहिल्या नळीत १.९ मिली सलाइन आणि ०.१ मिली सीरम घेतात, झालं १:२०. पुढच्या प्रत्येक नळीत एक मिली सलाइन, त्यात आधीच्या नळीतलं एक मिली: १:४०, १:८०, १:१६०, १:३२०. मग सगळ्यांत जंतूंचा अँटिजेन घालतात आणि गुठळ्या कुठपर्यंत दिसतात ते बघतात. एकशेसाठ पट विरल करूनही ज्याच्या अँटिबॉडीज गुठळ्या करू शकल्या, त्याच्यात त्या ऐंशीवाल्यापेक्षा जास्त होत्या. या साखळीत चूकही साखळीने वाढते. प्रत्येक पायरीला तीव्रता पाच टक्के कमी पडली तर सहा पायऱ्यांनंतर ती मूळ हिशेबापेक्षा सव्वीस टक्क्यांनी कमी भरते. आणि प्रत्येक नळीला पिपेटची टिप बदलली नाही तर आधीच्या नळीतलं सीरम पुढे चिकटून जातं. त्या चुकीला टक्का लावता येत नाही.

साखळीचा विषय निघालाच आहे तर होमिओपॅथीच्या गोळ्यांवरचं ‘३०सी’ हेही याच जातीचं. दर पायरीला शंभरात एक, अशा तीस पायऱ्या. म्हणजे एकावर साठ शून्यं. अ‍ॅव्होगाड्रो संख्येत सहावर साधारण तेवीस शून्यं असतात, त्यामुळे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू सापडेल की नाही अशी अवस्था येते. त्यापुढे जे होतं त्याला मी माझ्या अर्थाने डायल्यूशन म्हणत नाही, कारण तिथे विरल करायला काही उरलेलंच नसतं.

न मागता झालेलं डायल्यूशन हा आमचा खरा शत्रू. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, दवाखान्याचं नाव नको. सकाळी आठला आलेल्या नमुन्यात साखर हजाराच्या वर, सोडियम खाली, पोटॅशियम खाली, हिमोग्लोबिन कालच्यापेक्षा दीड ग्रॅमने कमी. रुग्ण मधुमेही नाही. मी रिपोर्ट अडवून वॉर्डात फोन केला, “सिस्टर, सलाइन कुठल्या हाताला आहे?” पलीकडे जरा शांतता. मग, “मॅडम, दुसऱ्या हाताला शीर सापडत नव्हती.” आपल्याकडे बाटलीत काहीही असलं तरी लोक ‘सलाइन लावलंय’ म्हणतात, त्या दिवशी बाटलीत पाच टक्के डेक्स्ट्रोज होतं. पाच टक्के म्हणजे शंभर मिलीत पाच हजार मिलिग्रॅम साखर. सिरिंजमधल्या दहा थेंबांत एक थेंब तो आला तरी साखर पाचशेने तरी फुगते, आणि हिमोग्लोबिन मात्र बारावरून पावणेअकराच्या आसपास, म्हणजे संशय यावा एवढंही उतरत नाही. जो पदार्थ बाटलीत नाही तो विरल होतो, जो बाटलीत आहे तो चढतो. डॉक्टरांनी त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं असतं तर काय झालं असतं याचा विचार नको. नमुना दुसऱ्या हातातून पुन्हा घेतला, साखर ११८ आली. म्हणून तुमच्या घरी कुणी अ‍ॅडमिट असेल आणि रक्त घ्यायला कुणी आलं, तर सलाइन नसलेला हात पुढे करा. लाजायचं काही कारण नाही.

निळ्या टोपणाच्या नळीत रक्त कमी भरलं तरी हेच होतं, फक्त उलट्या बाजूने: सायट्रेट ठरलेलं, रक्त कमी, म्हणजे सायट्रेटचं प्रमाण वाढलं आणि रक्त गोठायला खोटाच उशीर दिसला. आम्ही अशी नळी परत पाठवतो तेव्हा नातेवाईक चिडतात, ‘एवढंसं कमी आहे तर काय झालं’. त्या एवढ्याशातच सगळं असतं.

शरीर स्वतःही डायल्यूशन करतं. गरोदरपणात रक्तातला पाणीदार भाग, प्लाझ्मा, चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतो. लाल पेशीही वाढतात, पण त्या प्रमाणात नाही. त्यामुळे एकूण हिमोग्लोबिन अंगात जास्त असूनही दर शंभर मिलीत ते कमी भरतं. म्हणूनच गरोदर स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १२ ऐवजी ११ ग्रॅम आहे, मधल्या तीन महिन्यांत तर १०.५. त्याखाली गेलं तर तो खरा रक्तक्षय, त्याला ‘पाणी वाढलंय’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. गंभीर डेंग्यूत बरोबर उलट. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो, रक्त संहत होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) वीस टक्क्यांनी चढला की डॉक्टर सावध होतात. घरचे मात्र प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

कधीकधी डायल्यूशन केल्याशिवाय सत्य दिसतच नाही. पिट्यूटरी ग्रंथीत मोठी गाठ आहे, पण ती ग्रंथी बनवते ते प्रोलॅक्टिन हॉर्मोन जेमतेम वाढलेलं. कसं शक्य आहे? काही तपासण्यांत हॉर्मोनला दोन अँटिबॉडीज दोन बाजूंनी धरतात तेव्हाच ते मोजलं जातं. हॉर्मोन प्रचंड असलं की प्रत्येक अँटिबॉडीला वेगळाच रेणू मिळतो, दोन्ही हात एकाच रेणूवर पडत नाहीत आणि मशीनला वाटतं थोडंच आहे. नमुना १:१०० केला की आकडा एकदम हजारोंत. सिफिलिसच्या व्हीडीआरएल तपासणीत अँटिबॉडीज फार असल्या की असंच होतं, तिथे त्याला प्रोझोन म्हणतात. पाणी घातल्यावर जास्त दिसतं हे ऐकून विद्यार्थी माझ्याकडे संशयाने बघतात.

लॅबबाहेर हा शब्द मला सगळ्यात जास्त भेटतो तो फरशीवर आणि शेतात. फरशी म्हणजे हायपोक्लोराइट, जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं, आम्हाला हवं १ टक्का: २०० मिली ते आणि ८०० मिली पाणी. बाटली १० टक्क्यांची आली तर १०० आणि ९००. सफाई करणारे मामा दोन्ही वेळी ‘एक झाकण’च टाकतात, ही माझी जुनी तक्रार. एक टक्का म्हणजे लिटरमागे दहा हजार मिलिग्रॅम क्लोरीन. आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम उरावा अशी अपेक्षा असते. वीस हजार पटींचा फरक. तेच क्लोरीन, एकीकडे वापरलेल्या सुया बुडवायला, दुसरीकडे प्यायला. (आणि हायपोमध्ये टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. संहत आम्ल विरल करतानाही आम्ल पाण्यात सोडायचं, हळूहळू. पाणी आम्लात ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं.)

शेत माझ्या धाकट्या भावाचं. तासगावकडे द्राक्षं करतो. दर हंगामात एक फोन ठरलेला: “ताई, जीए दहा पीपीएम म्हंजे पंपाला किती गं?” जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, झाडाच्या वाढीचं संप्रेरक. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम. एक ग्रॅमची पुडी शंभर लिटरला, की दहा पीपीएम. ब्लोअरच्या पाचशे लिटरच्या टाकीला पाच पुड्या, सरळ हिशेब. पण राहिलेल्या दोन ओळींसाठी पाठीवरचा सोळा लिटरचा पंप घेतला की लागतात १६० मिलिग्रॅम, आणि ते तोलणार कशावर? म्हणून त्याला सांगितलं, पुडी आधी शंभर मिली स्पिरिटमध्ये विरघळव. जीए पाण्यात नीट विरघळत नाही, ते तसंही करावंच लागतं. आता दर मिलीत दहा मिलिग्रॅम झाले. त्यातले सोळा मिली पंपाला. तोलण्याचं काम मापण्यावर आलं. लॅबमध्ये आम्ही याला स्टॉक सोल्यूशन म्हणतो. तो ‘ताईचं पाणी’ म्हणतो.

त्याच्याकडूनच मला एक शब्द मिळाला, ज्याची मी वर्गात फार फुशारकी मारते. द्राक्षांच्या घडात मणी दाटले की काही मणी कात्रीने काढतात, त्याला ‘विरळणी’ म्हणतात. विरल आणि विरळ एकाच मुळाचे. पण क्रिया उलट्या आहेत. विरळणीत जागा तेवढीच ठेवून माल काढतात. डायल्यूशनमध्ये माल तेवढाच ठेवून जागा वाढवतात. घड दोन्ही रीतींनी मोकळाच दिसेल, हिशेब मात्र वेगळा.

हीच कसोटी शेअर बाजाराला लावा. कंपनीचे १०० शेअर, त्यातले ६० तुमचे. कंपनीने ५० नवे शेअर काढून दुसऱ्याला दिले. तुमचे ६० तसेच आहेत, पण आता १५० पैकी, म्हणजे साठ टक्क्यांचे चाळीस झाले. हे अस्सल डायल्यूशन. नव्या पैशाने कंपनी वाढली तर ते चाळीस टक्के आधीच्या साठांपेक्षा मोलाचेही ठरतील, तो भाग निराळा. बोनस शेअर मिळाले तर सगळ्यांचे सारख्या प्रमाणात वाढतात, डायल्यूशन शून्य. आणि प्रवर्तकाने स्वतःचे जुने शेअर विकले तर आपली वर्तमानपत्रं त्यालाही ‘हिस्सा डायल्यूट केला’ म्हणतात; ती माझ्या मते विरळणी आहे. एकूण शेअर वाढलेच नाहीत, बाकीच्यांच्या टक्क्याला धक्काही लागला नाही.

कायद्याच्या बातम्यांत मराठी ‘सौम्य’ वापरते, आणि ते बरं आहे. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या अटकेआधी प्राथमिक चौकशी आणि पूर्वपरवानगीच्या अटी घातल्या, तेव्हा ‘कायदा सौम्य केला’ अशी ओरड झाली, देशभर आंदोलनं झाली आणि ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी काढल्या. निकालाच्या बऱ्या-वाईटात मी पडत नाही, तो माझा प्रांत नाही. पण शब्द म्हणून बघितलं तर चपखल आहे: कायद्यातलं एकही कलम गेलं नव्हतं, भोवती अटींची भर पडली होती.

भाषणाला, लेखाला, विनोदाला मात्र डायल्यूट म्हणायची गरज मला कधी पडली नाही. त्यासाठी आपल्याकडे ‘पाणचट’ आहे.

आता पुन्हा आईच्या रिपोर्टवर. त्या ओळीत किती पट डायल्यूट केलं ते लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर लॅबला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: किती पट केलं, आणि छापलेला आकडा गुणून लिहिलाय का. नोंदवही समोर असते, सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही. पुढच्या वेळी सीआरपी उतरलेला असेल तर ती ओळ आपोआप गायब झालेली दिसेल.